तपासणाऱ्याची सही

शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८
रास अल खैमा

बंदूक आली! अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, ड्रायव्हरने, वलीने, मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणली. तान्हं मूल आणावं तशी. वर मला दम — "संभाल के, सदानंद भाई. बूढ़े का जान है इसमें."

थ्री नॉट थ्री. नळीवर १९४२ चा शिक्का. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. अरबाबच्या वडिलांची आहे. म्हातारबुवांना इथे सगळे 'शायबा' म्हणतात. म्हणजे म्हातारा, पण मानाने. तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत होते, तिथून निघताना ही मिळाली. दहा डिसेंबरला त्यांच्या नातवाचं, युसुफचं, लग्न आहे, वर डोंगरातल्या गावात. तिथे लग्नात निशाणबाजी असते. पहिली गोळी शायबा झाडणार.

भानगड काडतुसांची आहे. त्यांच्याकडे आहेत ती पुराणकालीन. चाप ओढला की नुसतं 'टक'. मग कधी दोन सेकंदांनी 'ठो', कधी काहीच नाही. मागच्या लग्नात तीनदा 'टक' झालं आणि पाहुणे हसले म्हणे. म्हणून अरबाबने क्लबच्या लायसन्सवर पितळी केसेस म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, गोळ्या, दारू, सगळं सुटं मागवलं. "सदानंद, तुम बनाओ. साठ पीस. फर्स्ट क्लास."

मी काय म्हणणार? येस अरबाब.

पुण्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात अठरा वर्षं चाचणी विभागात काढली, म्हणून तर या शूटिंग क्लबने मला बोलावलं. पण तिथे बंदूक नवी, काडतूस नवं, आणि मागे अख्खं खातं. इथे मी आणि माझ्या हाताखालचा कॅस्मिर.

आणि माझ्या मित्राचं, सतीशचं, मी कधी विसरलोच नाही. १९८६. त्याच्या हौसेपायी मीही गेलो होतो त्याच्या शेतावर. सासऱ्यांची जुनी रायफल, घरी भरलेलं काडतूस. बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा दांडा, सुटून मागे आला. उजवा डोळा गेला त्याचा. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, "भाऊजी, तुम्हाला तर कळतं ना यातलं?" कळत होतं. बोललो नव्हतो.

आज जेवताना घास उतरेना. वेदांग म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ गन." अनुपमा म्हणाली, "तुझे बाबा म्हणजे भित्री भागूबाई." हसलो. पण खरंच आहे ते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

टायरला बांधून उडवली!

सकाळी रेंजवर कोणी नसताना बंदूक ट्रकच्या टायरवर ठेवली, दोरीने करकचून आवळली, चापाला लांब सुतळी बांधली आणि वाळूच्या पोत्यांमागे आम्ही दोघे पालथे. कॅस्मिर हसून हसून लोळायचा बाकी. "सर, बंदूक आहे का बकरी? ईदची बांधल्यासारखी वाटते!" कॅस्मिर वसईचा. इथे रेंज ऑफिसर. चार वर्षं झाली आम्ही सोबत आहोत. त्याच्यासारखा निर्मळ माणूस मी पाहिलेला नाही.

पुस्तकात सांगितलेल्या मापाने सहा भरली होती. पुढे क्रोनोग्राफ मांडला. गोळी त्याच्या दोन पडद्यांवरून गेली की सेकंदाला किती फूट तो आकडा दिसतो. आकडे चांगले आले. पण बोल्ट उचलेना. तळहाताने ठोकावा लागला. केस बाहेर काढली तर बुडाजवळ चकचकीत कडं उमटलेलं. म्हणजे पितळ ताणलं गेलं. बंदूक सांगत होती, मला हे झेपत नाही. पाच झाली होती, सहावं उडवलंच नाही.

आणि नेमका तेव्हाच अरबाब आला! टायर पाहिला, दोरी पाहिली. चेहरा असा झाला की बस. "ये क्या? मेरा बाप का बंदूक तुम रस्सी में बांधा?" मी सेफ्टी, टेस्टिंग, प्रोसिजर असं काहीबाही बोललो. "मेरा बाप इसको चालीस साल कंधा पे रखा. तुमको डर लगता?"

म्हटलं, नो अरबाब.

का म्हटलं? डर लगता. बहुत लगता! कॅस्मिर बाजूला उभा राहून माझ्याकडे बघत होता.

शनिवार, २१ नोव्हेंबर

चार दिवस हेच. दारू थोडी थोडी कमी करत गेलो. पाच भरायची, बांधून उडवायची, आकडे लिहायचे, पितळ भिंगाखाली बघायचं, पुन्हा कमी. आज थांबलो. सतराशे फुटांच्या आसपास वेग, पाची गोळ्यांत फरक जेमतेम वीस फुटांचा. बोल्ट लोण्यासारखा उघडतो. कडं नाही.

मग दोरी सोडली. खांद्याला लावून स्वतः पाच झाडल्या. पहिलीला डोळेच मिटले! दुसरीपासून नीट. शंभर मीटरवर पाची गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. कॅस्मिरने टार्गेट काढून आणलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग "सॉरी सर" म्हणाला.

दारू इतकी कमी आहे की केस अर्धीही भरत नाही. असू दे. म्हाताऱ्या बंदुकीला हलका आहार बरा. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आजपासून कॅस्मिरची नोव्हेना. सेंट झेवियरच्या सणाआधीचे नऊ दिवस, रोज संध्याकाळी चर्च. पाचला निघावं लागतं. यंदा नवसाची आहे. त्याची बायको ॲडेलिन तीन वर्षं वसईला वाट बघतेय. आता तिचा व्हिसा मंजूर झालाय, नाताळच्या आधी येणार. एक खोली घेतलीय त्याने. अनुपमाने आपला जुना कुकर, दोन पातेली, तवा बाजूला काढून ठेवलाय. पडदेही शिवतेय. इतकी खूश की माहेरची कोणी येतेय जणू.

अडचण एकच. आमच्या रजिस्टरला दोन रकाने आहेत, भरणारा आणि तपासणारा. हे मीच इथे सुरू केलं, कारखान्यासारखं. मी दारू घालायची; गोळी बसवायच्या आधी कॅस्मिरने प्रत्येक केसमध्ये बॅटरी मारून बघायचं आणि मग सही करायची. एका माणसाच्या डोळ्यांवर कधी भरवसा ठेवू नये.

आता तो पाचला जाणार, आणि दिवसा रेंज सुरू असते म्हणून मी भरायला बसतो पाचनंतर. आज काय केलं पठ्ठ्याने? दोन तारखेपर्यंतच्या सगळ्या ओळींवर तपासणाऱ्याच्या रकान्यात सह्या करून मोकळा! "सर, तुम्ही आहात ना. मग मी काय बघायचं?"

रागवायला हवं होतं. पण त्याचं तोंड इतकं उजळलं होतं! जा म्हटलं. माझ्यासाठीही एक मेणबत्ती लाव म्हटलं.

सोमवार, ३० नोव्हेंबर

साठ झाली! वली सातच्या सुमाराला येऊन घेऊन गेला. मध्ये अरबाबचा फोन आला, त्यात वेळ गेला. शायबाला आजच बघायची आहेत म्हणे, घाई करा. बरं झालं, सुटलो एकदाचा. धाकट्या शुभ्राच्या शाळेत परवाच्या नॅशनल डेचा कार्यक्रम, तिला हिरवी रिबन हवी आहे.

शनिवार, ५ डिसेंबर

काय लिहू.

दारूचा डबा भरण्याआधी आणि भरल्यावर वजन करायचा, ही माझी सवय. सोमवारी आधीचं केलं होतं, नंतरचं घाईत राहिलं. मग नॅशनल डेची सुट्टी, शुक्रवार. आज केलं. साठ काडतुसांची दारू जायला हवी. एकसष्टची गेलीय. तीनदा वजन केलं. तराजू वजनांनी तपासला. बरोबर आहे. टेबलाखाली बॅटरी घेऊन रांगलो, कण सांडलेला नाही.

म्हणजे एका केसमध्ये दोनदा पडली.

आता आठवतं. स्पष्ट आठवतं. केसेस उभ्या लावायच्या फळीच्या चौथ्या रांगेत होतो. फोन वाजला. अरबाबचा आवाज ऐकला की मी उठून उभा राहतो — फोनवरसुद्धा! अनुपमा यावरून नेहमी चिडवते. उभा राहिलो, येस अरबाब येस अरबाब केलं, परत बसलो. कुठपर्यंत आलो होतो ते नजरेने ठरवलं. नियम काय? मध्येच खंड पडला तर पूर्ण रांग ओतून काढायची आणि पहिल्यापासून भरायची. अठरा वर्षं पाळला. सोमवारी नाही पाळला, कारण वली निघाला होता. बॅटरी मारायला कॅस्मिर नव्हता. मीही मारली नाही. गोळ्या बसवत सुटलो.

आणि देवा, पुस्तकातल्या पुऱ्या मापाने भरत असतो तर दुप्पट पडताच केस ओसंडून वाहिली असती, आंधळ्यालाही दिसलं असतं. मी भीतीने माप कमी केलं, म्हणून दुसरी मापभर आत मावली! माझ्या भीतीनेच जागा करून दिली तिला.

शायबा गाल टेकवून नेम धरतात. मी पाहिलंय. गाल दस्त्याला अगदी चिकटलेला, बोल्टपासून चार बोटांवर.

रविवार, ६ डिसेंबर

सांगायचं ठरवून गेलो. नाही सांगितलं.

गावात शायबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत. अरबाब जबल अलीला गेलेला, पाहुण्यांचं सामान सोडवायला. शायबा एकटेच बसले होते. गावठी कॉफी दिली, खजूर दिला. समोर पट्टा, आणि पट्ट्यात माझी काडतुसं ओळीने. ते एकेक बाहेर काढत होते, डोक्याच्या फडक्याने पुसत होते, परत खोचत होते. मला जवळ बसवलं. त्यांना थोडं हिंदी येतं, फौजेतलं. "तुम अच्छा काम किया. मेरा दोस्त सब मर गया. ये बंदूक है, मैं है." माझा हात हातात धरून ठेवला. त्यांचा हात म्हणजे नुसती कातडी.

त्यातलं एक त्यांनी आपल्या कानाशी हलवलं.

तोंड उघडलं दोनदा. काय बोलणार? की मी चुकलो? अरबाबला कळलं की संपलं. पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या नावावर. वेदांगची दहावी मार्चमध्ये. आत्ता परत पाठवलं तर पोराचं वर्ष गेलंच. आणि पोलिसकेस? दुसऱ्याच्या बापाच्या हातात बॉम्ब दिला म्हणून?

उठताना शायबा हसत म्हणाले, काल दोन उडवली, मजबूत! दोन! म्हणजे अठ्ठावन्न उरली. ते दुप्पट भरलेलं अजून त्यांतच आहे, कारण शायबा माझ्यासमोर बसलेत, दोन्ही डोळ्यांनी.

सोमवार, ७ डिसेंबर

काही नाही. दिवसभर फोनकडे बघत बसलो. कॅस्मिरने विचारलं, "सर, बीपी का?" हो म्हटलं.

मंगळवार, ८ डिसेंबर

खोटं बोललो. आणि किती सोपं गेलं!

अरबाबला म्हणालो, गेल्या आठवड्यात हवा दमट होती. काडतुसाच्या बुडातल्या टोप्यांना ओल लागली असावी. लग्नात एखाददुसरं 'टक' होईल. बस्स, इतकंच. तो पांढराफटक पडला. जीव जाईल म्हटलं असतं तर कदाचित विचार करत बसला असता. पाहुणे हसतील म्हटल्यावर स्वतः गाडी काढली! तासाभरात पट्टा माझ्या टेबलावर. "यल्ला सदानंद, सब चेंज करो. सब!" तीन रात्री कूस बदलत काढल्या मी, ह्याच्यासाठी.

दार लावून घेतलं. एकेक वजन करत गेलो. पितळ थोडं मागेपुढे असतं, पण दुप्पट दारू लपत नाही. एक, दोन, तीन... सदतिसावं. काटा गेला तो गेलाच. ते हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. दिसायला इतरांसारखंच. गोळी उपटली. आत दारू गळ्यापर्यंत.

रेंजच्या मागे वाळूवर ओतली आणि पेटवली. सर्र करून गेली.

बुधवार, ९ डिसेंबर

अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नवी भरली. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. कॅस्मिरने बॅटरी मारून प्रत्येक केस पाहिली, दोनदा. "सर, आज एवढं काय?" म्हणाला. काही नाही म्हटलं. त्याला अजूनही सांगितलं नाही. का नाही, ते मलाच नीट कळत नाही. लाज वाटली असेल. तो मला देवाच्या खालोखाल मानतो.

गुरुवार, १० डिसेंबर

लग्न झालं. डोंगराच्या कुशीत, चारी बाजूंनी गाड्या, बकरे, गहू-मटणाचं हरीस, नाच. पोरं बंदुका हवेत फेकून झेलत होती. अनुपमा आणि शुभ्रा बायकांच्या मांडवात. शायबा उभे राहिले. सगळे गप्प. मला माहीत होतं काडतूस बरोबर आहे, दोघांनी तपासलेलं आहे. तरी मी वलीचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला.

ठो!

दगडावर ठेवलेला पांढरा डबा उडाला. बायकांचा तो जिभेने काढायचा आवाज डोंगरभर. शायबांनी बंदूक डोक्यावर धरली आणि रडले. मीही. वलीला वाटलं आनंदाने.

खलास. संपलं.

शनिवार, १२ डिसेंबर

संपलं नाही.

अरबाबने ऑफिसात बोलावलं. खुशीत असेल वाटलं. तो रजिस्टर घेऊन बसला होता. म्हणाला, माझ्या बापाच्या कमरेचा पट्टा मी माझ्या हाताने सोडून घेतला, लग्नाला दोन दिवस असताना, पाहुण्यांसमोर. बाप काही बोलला नाही. पण मला आयुष्यभर आठवेल. "ये गलती कौन किया? पानी किधर से आया?"

त्याने बोट फिरवलं. तीस नोव्हेंबर. "ये भरा, तुम. ठीक. ये चेक किया — कॅस्मिर. साइन उसका?"

साइन त्याचंच होतं. कसं नाही म्हणू? आणि हो म्हटलं नाही मी. खरंच नाही म्हटलं. मान हलली असेल नसेल. एवढंच सांगायचं होतं ना, की अरबाब, तो त्या दिवशी इथे नव्हताच. ओल वगैरे काही नव्हती. चूक माझी. तीन वाक्यं. डोळ्यांपुढे वेदांगचं हॉल तिकीट.

"खलास," तो म्हणाला. "रमझान के पहले सब साफ." वीस तारखेला रमझान लागतो.

घरी येताना वाटभर स्वतःशी हिशेब मांडत होतो. कॅस्मिर तरुण आहे, त्याला कुठेही नोकरी मिळेल. त्याला शाळेत जाणारं पोर नाही. सह्या त्याने आपणहून केल्या, मी सांगितल्या नव्हत्या. सगळं खरं आहे. मग हे लिहिताना अक्षर असं का येतंय?

सोमवार, १४ डिसेंबर

कॅस्मिरचा व्हिसा कॅन्सल. बुधवारचं तिकीट. वर सहा महिन्यांचा बॅन. ॲडेलिनचा व्हिसा त्याच्यावर होता, तोही गेला.

संध्याकाळी घरी आला. अनुपमाने चहा केला. तिला काहीच ठाऊक नाही, ती बिचारी अरबाबला शिव्या देत होती. कॅस्मिरने कप हातात धरला, प्यायला नाही.

"सर, मला एक कळत नाही. ओल कशी लागली? आपण तर एसीत भरतो. दारं बंद."

"काय माहीत रे."

"मी साइन आधी केली ती माझी चूक. मी नाही म्हणत नाही. पण सर, तुम्ही असताना ओल? तुम्ही तर टोप्यांचा डबासुद्धा उघडा ठेवत नाही." मग जरा थांबून, "सर, तुम्ही एकदा बोला ना अरबाबशी. तुमचं ऐकतो तो. फक्त ॲडेलिन येऊन जाऊ दे. एक महिना."

"बोलतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

त्याने मान वर करून पाहिलं माझ्याकडे. इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आपल्यातल्याच एकाने म्हटलेल्या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असा होतो हे कळतं. कप खाली ठेवला, उठला. दारात चपला घालताना अनुपमाला म्हणाला, "मॅडम, ते पडदे राहू द्या. दुसऱ्या कोणाला होतील."

अनुपमा दार लावून परत आली आणि म्हणाली, "काय हो, ओल कुठे लागली होती नक्की?" वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं मी.

मंगळवार, १५ डिसेंबर

गेलो होतो. अरबाबच्या केबिनच्या दारापर्यंत. काचेतून दिसला, फोनवर होता. उभा राहिलो. त्याने हाताने विचारलं, काय? मी हाताने सांगितलं, काही नाही.

सतीशच्या वेळी मी बत्तीस वर्षांचा होतो. आज चव्वेचाळीस. तेव्हा वाटायचं, वय वाढलं की माणूस आपोआप धीट होत असेल. नाही होत. कारणं तेवढी वाढतात.

उद्या रात्री तो जाईल. मग काही दिवसांनी बरं वाटेल. वाटेलच. कशानंतरही बरं वाटतंच शेवटी.

बुधवार, १६ डिसेंबर

दुपारी जेवायला आलो तर ही वही टेबलावर, उघडी. शनिवारचं पान. समोर अनुपमा. रडलेली नव्हती.

"कॅस्मिरचं विमान किती वाजता?"

"साडेनऊ. शारजाहून."

"म्हणजे वेळ आहे. चला अरबाबकडे."

"अगं, वेदांगचं वर्ष—"

"वेदांगला मी सांगेन. तुम्ही अरबाबला सांगा. नाही सांगितलंत, तर मी हिंदीत करून वाचून दाखवते. शायबांसमोर."

तोंड धुऊन येतो म्हणून वही घेऊन आत आलोय. ती बाहेर चपला घालून उभी आहे. हाक मारतेय. वही मागतेय. देतो.